‘मागा म्हणजे मिळेल’, मग न मिळालेल्या प्रार्थनांचं ख्रिस्ती लोक काय करतात?

रामबाग_कट्टा · सोमवार, रात्री ९:१२

आधीच सांगतो, प्रश्न टिंगलीचा नाही. मत्तयाच्या सातव्या अध्यायात “मागा म्हणजे तुम्हांला दिले जाईल, शोधा म्हणजे तुम्हांला सापडेल” असं सरळ लिहिलंय. खाली बारीक अक्षरात काही अटी दिसत नाहीत.

आपल्या इंदुरात खजराण्याच्या गणपतीला देवळामागच्या भिंतीवर उलटा साखिया (स्वस्तिक) काढतात, काम झालं की जाऊन सरळ काढतात. ज्याचं झालं नाही त्याचा उलटाच राहतो, कोणी विचारत नाही. नवसात निदान हिशेब चोख: झालं तर फेडायचं. ख्रिस्ती घरात आजारी माणसासाठी महिनामहिना प्रार्थना चालते, माणूस जातो, आणि पुढच्या रविवारी तीच माणसं चर्चच्या त्याच बाकावर असतात. त्या न मिळालेल्याचं ते करतात काय? शास्त्रात उत्तर आहे, की नुसतं “देवाची मर्जी”?

एक विनंती: स्वतःचे अनुभव नकोत, त्यासाठी वेगळा धागा काढा. शास्त्र, परंपरा आणि व्यवहार एवढंच लिहा.

---

छावणीकर · सोमवार, रात्री १०:०५

“देवाची मर्जी” हे उत्तर बायबलमध्ये आहे, पण लोक ते फार लवकर देतात. आधी एवढं पाहा की नाकारलेल्या प्रार्थना बायबलनं झाकून ठेवलेल्या नाहीत, आणि नकार मिळालेली माणसं किरकोळ नाहीत.

मोशे विनवतो, मला यार्देन ओलांडून तो देश पाहू दे. उत्तर येतं: पुरे, ह्याविषयी माझ्याशी आणखी बोलू नकोस (अनुवाद ३). डोंगरावरून लांबून पाहायला मिळतो, तेवढंच. एलीया झुडपाखाली बसून मरण मागतो (१ राजे १९). मिळते निखाऱ्यावर भाजलेली भाकर, पाण्याचा चंबू आणि झोप. पुढे २ राजे २ वाचा: तो मरतच नाही, वावटळीतून वर जातो. म्हणजे ही मागणी कायमचीच फेटाळली गेली! पौल शरीरातला काटा काढ म्हणून तीनदा विनवतो, काटा राहतो (२ करिंथ १२). आणि गेथशेमाने बागेत खुद्द येशू तीनदा तेच मागतो, हा (मरणाचा) प्याला दूर कर. प्याला प्यावाच लागतो.

तुमच्या “पुढच्या रविवारी त्याच बाकावर” या प्रश्नाला मात्र दावीदाचं उदाहरण लागू पडतं (२ शमुवेल १२). मूल आजारी आहे, हा सात दिवस उपाशी, जमिनीवर पडून. सातव्या दिवशी मूल जातं. सांगायचं कुणी? चाकर आपापसात कुजबुजतात, त्यावरूनच याला कळतं. मग तो उठतो, आंघोळ करतो, तेल लावतो, कपडे बदलतो, मंदिरात जाऊन नमन करतो, घरी येतो आणि वाढा म्हणतो. चाकर चक्रावतात: मूल जिवंत होतं तेव्हा रडत होता, गेल्यावर जेवता? त्याचं म्हणणं साधं आहे. जोवर होतं तोवर कोण जाणे, देव दया करीलही, म्हणून मागत होतो. आता उपाशी राहून ते परत येणार आहे का?



---

मूळभाषा · सोमवार, रात्री १०:४०

यात अर्धा घोळ आपल्या क्रियापदाचा आहे. “पोरगं ऐकत नाही” म्हणतो तेव्हा पोराच्या कानात दोष नसतो. मराठीत ऐकणं म्हणजे कानावर पडणंही आणि म्हणण्याप्रमाणे करणंही. “देवानं ऐकलं नाही” असं आपण म्हणतो तेव्हा दुसरा अर्थ असतो, आणि दुःख होतं पहिल्या अर्थाचं.

गंमत म्हणजे हिब्रूतही हेच आहे. “शामा” म्हणजे ऐकणं. १ शमुवेल १५:२२ मध्ये “यज्ञापेक्षा आज्ञा पाळणं बरं” यातलं पाळणं म्हणजे हाच शब्द.

आता इब्री लोकांस पत्र ५:७ पाहा. येशूनं मोठ्यानं आक्रोश करत, आसवं गाळत प्रार्थना केली आणि ती “ऐकण्यात आली”, असं तिथे लिहिलंय. ऐकण्यात आली? दुसऱ्या दिवशी तर वधस्तंभ! वापरलेलं ग्रीक क्रियापद लूक १:१३ मधलंच आहे, जिथे देवदूत जखऱ्याला सांगतो की तुझी विनंती ऐकण्यात आली आहे, आणि त्याला खरंच मुलगा होतो. एकाला मागितलेलं मिळालं, दुसऱ्याचा प्याला टळला नाही, आणि शब्द एकच.

इब्री पत्रातल्या त्या ओळीत ग्रीकमध्ये “एक थानातू” असं आहे. ग्रीक “एक” म्हणजे आतून बाहेर, “थानातू” म्हणजे मरण. त्यामुळे “मरणापासून वाचवणारा” असंही वाचता येतं आणि “मरणातून वाचवणारा” असंही. बरेच भाष्यकार दुसरं वाचन घेतात: मरण टळलं नाही, पुनरुत्थानानं त्यातून बाहेर काढलं. मराठीत “पासून” आणि “तून” हा फरक फुकट मिळतो, इतर भाषांतरकारांना त्यासाठी तळटीप घालावी लागते.

आणि मत्तय ७:७ ची तिन्ही क्रियापदं ग्रीकमध्ये चालू क्रियेच्या आज्ञार्थात आहेत: मागत राहा, शोधत राहा, ठोकत राहा. एकदा बेल वाजवून जिन्यावरून परत फिरायची गोष्ट नाही ती.

---

विश्वास_विजय · मंगळवार, सकाळी ७:३०

सगळे इतकं फिरवून का सांगताहेत? मार्क ११:२४ स्वच्छ आहे: जे मागाल ते मिळालंच आहे असा विश्वास धरा, म्हणजे ते मिळेल. याकोब १:६-७ म्हणतं, संशय धरणाऱ्याला काही मिळेल असं त्यानं समजू नये. नासरेथात लोकांच्या अविश्वासामुळे येशूलाही फारसं काही करता आलं नाही (मार्क ६). मिळालं नाही म्हणजे विश्वास कमी पडला. कडू आहे, पण वचन आहे.

---

छावणीकर · मंगळवार, सकाळी ८:५५

विजयभाऊ, वचनं तिन्ही खरी आहेत, त्यावर वाद नाही. पण त्यावरून उलटा निष्कर्ष निघत नाही. पाऊस आला की रस्ता ओला होतो, म्हणून रस्ता ओला दिसला की पाऊसच झाला असं नाही. नगरपालिकेचा टँकरही असतो.

प्रेषितांची कृत्ये, अध्याय १२ काढा. हेरोद योहानाचा भाऊ याकोब याला तलवारीनं मारतो, एका ओळीत विषय संपतो. मग पेत्राला धरतो, चार-चार शिपायांच्या चार तुकड्यांचा पहारा ठेवतो. मंडळी कळकळीनं प्रार्थना करते, रात्री पेत्र सुटतो, येऊन दार ठोठावतो. रुदा नावाची पोर आवाज ओळखते आणि आनंदाच्या भरात दार न उघडताच आत पळते. प्रार्थना करणारे तिला म्हणतात, तू वेडी आहेस! ती हटून बसते तर म्हणतात, त्याचा देवदूत असेल. आणि ज्याच्यासाठी मागणं चालू होतं तो बाहेर रस्त्यावर ठोकतच उभा.

त्या खोलीत “मिळालंच आहे” असा विश्वास एका मोलकरणीखेरीज कुणाचाच नव्हता. तरी पेत्र सुटला. आणि याकोबाच्या वेळी काय विश्वास कमी होता? लेखक तसं म्हणत नाही. कारणच देत नाही.

पौलाच्या अंगावरचे रुमाल नेऊन आजारी बरे झाले असं कृत्ये १९ मध्ये आहे. तोच पौल २ तीमथ्य ४:२० मध्ये लिहितो, त्रफिम आजारी होता, त्याला मी मिलेतात ठेवून आलो. तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घे असं सांगतो, “विश्वास वाढव” असं नाही. आणि मार्क ९ मधला बाप म्हणतो, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवा. पोरगं बरं होतं.

---

बुधवारची_बैठक · मंगळवार, सकाळी ९:२०

विजयभाऊंच्या मताचा धोका धर्मशास्त्रात कमी आणि औषधाच्या डब्यात जास्त आहे. “मिळालंच आहे असं धरा” यातून “मग गोळी कशाला” इथपर्यंत दोनच पायऱ्या असतात. टाइप वन मधुमेहाच्या माणसानं इन्सुलिन सोडलं तर एक-दोन दिवसांत रक्तात आम्ल वाढून जीव जाऊ शकतो. टीबीचा नेहमीचा कोर्स सहा महिन्यांचा, मध्येच सोडला की जंतू औषधाला दाद देईनासे होतात. प्रार्थनेच्या बैठकीत कुणी “मी गोळ्या बंद केल्या” अशी साक्ष द्यायला उठलं तर चालवणाऱ्यानं तिथल्या तिथे थांबवायचं, आमेन म्हणायचं नाही.

उपास-प्रार्थनेतही तेच. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असलेल्यांनी, गरोदर बायकांनी जेवण सोडायचं नाही. त्यांनी टीव्ही सोडावा. पाणी कुणीच सोडायचं नाही.

---

स्नेहलता_गल्ली · मंगळवार, दुपारी १:१५

कॅथलिक बाजू लिहिते.

आमच्याकडे या विषयाचा एक जुना नमुना आहे मोनिका. मुलगा ऑगस्टीन (पुढे संत झाला तोच) आफ्रिकेहून रोमला निघालाय, तो जाऊ नये म्हणून ती कार्थेजच्या किनाऱ्यावर संत सिप्रियनच्या चॅपेलमध्ये रात्रभर रडून मागते. सकाळी पाहते तर गलबत गेलेलं, मुलगा थाप मारून निसटलेला. हे साल ३८३. रोमहून तो मिलानला जातो, तिथे बिशप अँब्रोज भेटतो, आणि ३८७ च्या ईस्टरला त्याचा बाप्तिस्मा होतो. तिची मूळ मागणी तीच होती. ऑगस्टीननं स्वतः लिहून ठेवलंय की त्या रात्री तिनं मागितलेलं देवानं दिलं नाही, ते ती नेहमी मागत होती ते देण्यासाठी. त्याला हे मागे वळून पाहताना दिसलं. त्या सकाळी किनाऱ्यावर मोनिकाला काहीच दिसत नव्हतं, हे वगळून ही गोष्ट सांगू नये.

तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस या धर्मपंडितानं नक्की मिळणाऱ्या प्रार्थनेची चार लक्षणं सांगितली: स्वतःसाठी केलेली, तारणाला लागणारंच मागणारी, भक्तीनं केलेली, आणि न थकता चालू ठेवलेली. पहिलंच लक्षण पाहा. दुसऱ्यासाठी केलेली प्रार्थना त्यात धरलेलीच नाही, कारण दुसऱ्याच्या मनाचं दार त्याच्या हातात असतं. दारुड्या नवऱ्यासाठी बायकोनं वर्षानुवर्षं मागितलेलं का अडतं, याचं यापेक्षा प्रामाणिक उत्तर निदान मला माहीत नाही.

नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, याबद्दल गैरसमज खूप. नऊ दिवस का, तर येशूच्या स्वर्गारोहणापासून पवित्र आत्मा उतरेपर्यंत शिष्य प्रार्थनेत थांबले होते ते नऊ दिवस. ते वाट पाहण्याचे दिवस होते, नऊ हप्ते भरले की माल ताब्यात असा प्रकार नव्हे. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी पुढे चालू करावं, पहिल्यापासून मोजायला नको. “ही प्रार्थना नऊ जणांना पाठवा, नाहीतर वाईट होईल” अशा चिठ्ठ्या आणि मेसेज सरळ डिलीट करा. नुसत्या बाह्य कृतीलाच गुण चिकटवणं याला १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथात अंधश्रद्धाच म्हटलंय.

---

पोहे_जलेबी · मंगळवार, दुपारी २:०२

भिया, एक भाबडा प्रश्न. मत्तय ६:८ म्हणतं, तुम्ही मागण्यापूर्वीच बापाला तुमची गरज ठाऊक आहे. मग मागायचंच कशाला? आणि माळव्यात ऑक्टोबरमध्ये एकाचं सोयाबीन कापून शेतात पडलंय, त्याला कडक ऊन हवं. बांधापलीकडच्याला लसूण लावायचाय, त्याला ओल हवी. दोघेही एकाच चर्चला जात असतील तर?

---

छावणीकर · मंगळवार, संध्याकाळी ६:४०

दुसरा प्रश्न आधी. दोघांपैकी एकाला “नाही” येणारच, आणि त्यात त्याचं पाप नाही की विश्वासाची खोट नाही. लोक प्रत्येक नकाराचं कारण मागणाऱ्यात शोधतात, म्हणून हे उदाहरण कामाचं आहे.

पहिल्यावर अक्वायनसचंच म्हणणं चालतं: प्रार्थना देवाचा बेत बदलायला नसते, काही गोष्टी मागण्यावाटेच द्यायच्या असा बेतच असतो, म्हणून मागायचं. पेरल्याशिवाय पीक नाही, हेही देवानंच ठरवलेलं, तसं. हे सगळ्यांना पटतं असं नाही. निर्गम ३२ मध्ये मोशेच्या विनवणीनंतर परमेश्वरानं योजलेलं अरिष्ट आणलं नाही असं साफ लिहिलंय, आणि त्या ओळीवर पंडितांचं आजवर एकमत नाही.

“माझ्या नावाने मागाल ते मी करीन” (योहान १४) याबद्दलही लिहायला हवं, कारण घोटाळा तिथे सर्वांत जास्त होतो. “येशूच्या नावाने, आमेन” हा शेवटी मारायचा शिक्का नाही. मुखत्यारपत्र घेतलेला माणूस मालकाच्या नावानं सही करतो, पण मालकाच्या हिताविरुद्ध केली तर ती सही टिकत नाही. नावानं मागणं म्हणजे तो स्वतः जे मागेल ते मागणं. इंदुरात १८७७ ला आलेलं कॅनडाचं मिशन प्रेस्बिटेरियन, म्हणजे प्रॉटेस्टंटांतल्या एका पंथाचं, होतं. त्या परंपरेच्या १६४७ च्या लघु प्रश्नोत्तरीत ९८ वा प्रश्नच आहे, प्रार्थना म्हणजे काय? उत्तरात चार गोष्टी एकत्र बांधल्यात: देवाच्या इच्छेशी जुळणाऱ्या गोष्टींबद्दलची आपली मागणी, ख्रिस्ताच्या नावानं, पापाच्या कबुलीसह, आणि झालेल्या उपकारांच्या आठवणीसह. बहुतेकांची प्रार्थना पहिल्या शब्दावर सुरू होऊन पहिल्यावरच संपते.

प्रभूच्या प्रार्थनेचा क्रमही बघा. मागण्या कॅथलिक मोजणीनं सात, आमच्या जुन्या मोजणीनं सहा. पहिल्या तीन देवाच्या नावाच्या, राज्याच्या, इच्छेच्या. पोटाची एकच: रोजची भाकर, तीही आजच्यापुरती.

---

रामबाग_कट्टा · मंगळवार, रात्री ९:३०

म्हणजे मागणाऱ्याच्या बाजूनं अडथळे असतात हे बायबल मानतं की नाही? छावणीकरकाका त्याला बगल देताहेत असं वाटलं.

---

छावणीकर · मंगळवार, रात्री १०:१०

मानतं, आणि फटकारून सांगतं. याकोब ४:३: मागता पण मिळत नाही, कारण चैनीत उडवायला मागता. १ पेत्र ३:७ नवऱ्यांसाठी: बायकोला मान देऊन वागा, नाहीतर तुमच्या प्रार्थनांत अडथळा येईल. (हे वचन घरसभेत जितकं कमी वाचलं जातं तितकं क्वचितच दुसरं असेल.) मार्क ११:२५, म्हणजे विजयभाऊंच्या वचनाच्या अगदी पुढचं: प्रार्थनेला उभे राहाल तेव्हा कुणाबद्दल मनात काही असेल तर क्षमा करा. नीतिसूत्रे २१:१३: गरिबाच्या हाकेला कान बंद करणारा स्वतः हाक मारील तेव्हा त्यालाही उत्तर नाही. यशया ५८ मध्ये लोक तक्रार करतात, आम्ही उपास केला तो तू पाहिलास का नाही? उत्तर: उपासाच्या दिवशीही तुम्ही मजुरांना राबवून घेता.

बारकाईनं पाहा, यातलं प्रत्येक वचन मागणाऱ्याला उद्देशून आहे. खाटेवरच्या आजाऱ्याबद्दल शेजाऱ्याला सांगितलेलं नाही. जन्मांधाबद्दल शिष्य विचारतात, पाप कुणाचं, ह्याचं की आईबापाचं? येशू म्हणतो, दोघांचंही नाही (योहान ९). शिलोहाचा बुरूज पडून १८ जण मेले, ते काय इतरांहून अधिक पापी होते? नाही (लूक १३). दुःखात पडलेल्या ईयोबाला “हे तुझ्याच पापाचं फळ” म्हणणाऱ्या मित्रांची प्रवचनं वाचा, सुटी सुटी वाक्यं पटण्यासारखी आहेत. तरी शेवटी परमेश्वर म्हणतो, तुम्ही माझ्याविषयी योग्य ते बोलला नाहीत.

---

तर्कटी · बुधवार, सकाळी ११:२५

आता थोडी आकडेमोड. फ्रान्सिस गॉल्टननं १८७२ मध्ये साधा हिशेब मांडला होता: इंग्लंडात राजघराण्याच्या दीर्घायुष्यासाठी दर रविवारी देशभर प्रार्थना होते, आणि सुखवस्तू वर्गांत सर्वांत कमी जगतात ते राजेच. आधुनिक काळात २००६ चा अमेरिकन अभ्यास: ६ रुग्णालयं, बायपासचे १,८०२ रुग्ण, तीन गट. प्रार्थना करणाऱ्यांना पहिलं नाव आणि आडनावाचं आद्याक्षर दिलेलं, शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्रीपासून १४ दिवस, ठरलेल्या शब्दांत. प्रार्थना झाली पण खात्रीनं माहीत नव्हतं अशांत ५२ टक्क्यांना गुंतागुंत झाली. झाली नाही आणि माहीतही नव्हतं, ५१ टक्के. झाली आणि होणार हे माहीत होतं, ५९ टक्के!

आणि “देव तीनच उत्तरं देतो: हो, नाही, थांब” हे संडे स्कूलचं सूत्र. राजवाड्यासमोरच्या दगडाला मागितलं तरी या तिन्हीपैकी एक येणारच.

---

छावणीकर · बुधवार, दुपारी १२:५०

दगडाचा मुद्दा बिनतोड आहे. “हो, नाही, थांब” हा पुरावा नाही आणि कुणी पुरावा म्हणून वापरू नये. पौल १ करिंथ १५ मध्ये म्हणतो, ख्रिस्त उठला नसेल तर आमचं सांगणं व्यर्थ. “प्रार्थना मान्य झाल्या नाहीत तर व्यर्थ” असं तो म्हणत नाही, त्याची स्वतःचीच झाली नव्हती.

२००६ च्या अभ्यासात एक अडचण होती: “प्रार्थना नाही” या गटातल्या रुग्णांच्या घरचे गप्प थोडेच बसले होते? मात्र आमच्या लोकांना एक टोला मीच देतो. १९८८ ला सॅन फ्रान्सिस्कोत ३९३ हृदयरुग्णांवरचा असाच अभ्यास काहीसा अनुकूल आला तेव्हा तो प्रवचनांत मिरवला गेला. २००६ चा उलटा आला तेव्हा “देवाची परीक्षा पाहू नये” हे वचन आठवलं. दोन्ही वेळा आठवायला हवं होतं.

---

बुधवारची_बैठक · बुधवार, दुपारी ३:३५

आकड्यांचा विषय निघालाच आहे तर घरसभेच्या वहीबद्दल. न मिळालेल्याचं काय करतात, याचं उत्तर बऱ्याच ठिकाणी “गुपचूप काट मारतात” असं आहे, आणि रोग तिथूनच लागतो.

साधी रेघांची वही घ्या, पाच रकाने. तारीख, कुणासाठी, नेमकं काय मागितलं, आपल्या हातचं काम काय, आणि काय झालं त्याची तारीख. तिसऱ्या रकान्यात “आशीर्वाद दे” चालत नाही, कारण त्याचं काय झालं हे कधीच लिहिता येत नाही. “गुरुवारच्या ऑपरेशनला भूल नीट उतरू दे” असं लिहा. चौथा रकाना लोक रिकामा सोडतात: नोकरी मागितली असेल तर अर्ज टाकलेत का, रक्त लागणार असेल तर दोन दाते कोण. आजाराचं नाव घरच्यांनी परवानगी दिली तरच लिहायचं, प्रार्थनेच्या नावाखाली गल्लीभर बातमी होते ती अशाच नोंदीतून. एका बैठकीत १०-१२ मागण्या पुरे. प्रत्येकी दोन मिनिटं धरली तरी २०-२५ मिनिटं जातात, गाणं आणि वाचन धरून तास होतो. त्यापुढे माणसं पेंगतात.

दर तीन महिन्यांनी वही मागे उलटून शेवटचा रकाना मोठ्यानं वाचायचा, “नाही” सकट. साक्षीच्या वेळी फक्त “हो” वाचले की नकार मिळालेलं घर हळूहळू यायचं बंद होतं, आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. “नाही” आलेल्या घरासाठी त्या दिवशी स्तोत्र ८८ वाचा. इतर विलाप-स्तोत्रं शेवटी कुठेतरी उजेडाकडे वळतात, हे वळत नाही, काळोखातच संपतं. तरी ते पुस्तकात ठेवलंय.

साखळी प्रार्थनेचंही सांगते. २४ तास, अर्ध्या तासाच्या ४८ पाळ्या. पहाटे २ ते ४ च्या चार पाळ्या नेहमी गळतात, तिथे दोघादोघांची नावं घाला आणि पाळी सोपवताना पुढच्याला फोन करायचा नियम ठेवा. हे आवाज वाढवायला करत नाहीत. पुष्कळ बोलण्यानं ऐकलं जातं अशी समजूत नको, हे मत्तय ६:७ मध्येच आहे. घरच्या माणसाला रात्री अडीचला कुणीतरी जागं आहे हे ठाऊक असावं, म्हणून करायचं.

---

विश्वास_विजय · बुधवार, संध्याकाळी ५:५०

रुदाची गोष्ट पुन्हा वाचली. मुद्दा आहे. तरी विश्वासाचं काहीच काम नाही असं कुणी लिहू नये.

---

मूळभाषा · बुधवार, संध्याकाळी ६:१५

तसं कुणी लिहिलेलंही नाही. लूक १८ मधल्या, न्यायासाठी न्यायाधीशाकडे खेटे घालणाऱ्या विधवेची गोष्ट “मनुष्याचा पुत्र येईल तेव्हा त्याला पृथ्वीवर विश्वास आढळेल काय?” या प्रश्नावर संपते. तिथला विश्वास म्हणजे मिळेपर्यंत न्यायाधीशाचं दार न सोडणं. आणि उशिराचंही शास्त्रात आहे: दानीएल १० मध्ये प्रार्थना पहिल्याच दिवशी ऐकली गेली, उत्तर घेऊन येणारा २१ दिवस वाटेत अडला. लाजर आजारी आहे हे कळल्यावरही येशू दोन दिवस तिथेच राहिला. प्रकटीकरण ६ मध्ये तर मारले गेलेले साक्षीदार थेट वेदीखालून विचारतात, कोठवर? त्यांना पांढरा झगा देऊन आणखी थोडा वेळ थांबा म्हणून सांगतात. स्वर्गातही रांग आहे म्हणायची.

---

स्नेहलता_गल्ली · बुधवार, रात्री ८:२०

आपल्याच भागातली गोष्ट लिहिते. २५ फेब्रुवारी १९९५. सिस्टर राणी मारिया उदयनगरहून इंदूरच्या बसमध्ये बसल्या. शेतमजुरांना सावकारांच्या कचाट्यातून सोडवण्याचं काम करत होत्या. वाटेत बसमध्येच सुपारी घेतलेल्या माणसानं त्यांना भोसकून मारलं. “आम्हांला वाइटापासून सोडव” ही ओळ कुठलीही नन रोज म्हणते. मग ती फुकट गेली का?

चर्चनं त्यांना हुतात्मा मानलं. ४ नोव्हेंबर २०१७ ला इंदुरातच त्यांना धन्य (संतपदाआधीची पायरी) घोषित केलं, आणि हुतात्म्याच्या बाबतीत त्या पायरीवर चमत्काराचा पुरावा लागत नाही. “सोडव” याचा अर्थ चर्च मरणापासून असा लावत नाही, दुष्टाईच्या ताब्यात जाण्यापासून असा लावतं. पटो न पटो, एवढं नोंदवते: त्यांच्या धाकट्या बहिणीनं, त्याही सिस्टर, तुरुंगात जाऊन त्या माणसाला राखी बांधली.

---

तर्कटी · बुधवार, रात्री ८:४५

यावर माझ्याकडे आकडा नाही.

---

रामबाग_कट्टा · बुधवार, रात्री ९:१०

सगळ्यांचे आभार, पुष्कळ मिळालं. आता एक व्यवहाराचं विचारतो. शेजारच्या ख्रिस्ती घरी प्रार्थना करूनही माणूस गेला, तर आपल्यासारख्यानं जाऊन बोलायचं काय? “देवाज्ञा” म्हणावं का?

---

बुधवारची_बैठक · बुधवार, रात्री ९:४०

दादा, बोलायचंच नाही. ईयोबाचे मित्र सात दिवस नि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले आणि एक शब्द बोलले नाहीत. तोवर त्यांचं सगळं बरोबर होतं. “जे झालं ते चांगल्यासाठीच” हे रोम ८ चं वचन घरच्यांनी स्वतःला सांगावं, पाहुण्यांनी निदान पहिला महिना सांगू नये. “कमी प्रार्थना झाली का” हे चुकूनही नाही. दहा-पंधरा मिनिटं बसा, गेलेल्याचं नाव घेऊन बोला. प्रार्थना सुरू झाली तर नुसतं उभं राहिलात तरी चालतं, हात जोडलेले चालतात.

सुतकात चूल बंद असा दंडक तिथे नसतो, पण स्वयंपाकाला कुणी उठतही नाही. वरण-भात, चपात्या, एखादी कोरडी भाजी न्या. तिखट कमी, पाहुण्यांत म्हातारी माणसं असतात. पहिल्या दिवशी सगळेच आणतात आणि वाया जातं. पाचव्या-सहाव्या दिवशी कुणी आणत नाही, तेव्हा न्या.

---

स्नेहलता_गल्ली · बुधवार, रात्री ९:५२

कॅथलिक घर असेल तर सातव्या दिवसाची आणि महिन्याची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, कधी आहे ते विचारून ठेवा. मागच्या बाकावर बसलात तरी घरच्यांना दिसतं.

---

पोहे_जलेबी · बुधवार, रात्री १०:०३

आणि डब्याच्या झाकणावर खडूनं नाव घाला भिया. चार घरचे स्टीलचे डबे सारखेच असतात, त्या घरात ते ओळखत बसायला कुणाला सवड नसते.